बेलफास्टमध्ये वाजलेली गिटार

ब्लूज-रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असे ज्यांना वाटते त्यांनी रोरी गॅलहरची 'आयरिश टूर ७४' ही तबकडी एकदा जरूर ऐकावी. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क येथे झालेल्या कार्यक्रमांचे हे ध्वनिमुद्रण. त्या काळी बेलफास्टवर बॉम्बची दहशत होती. बाहेरचे बहुतेक वादक तिकडे फिरकत नसत. हा आयरिश गडी मात्र जातच राहिला. श्रोत्यांचा जल्लोष ऐकताना अंगावर काटा येतो.

त्यातले 'अ मिलियन माइल्स अवे' हे त्याने स्वतः रचलेले गीत. गजबजलेल्या बारमध्ये बसूनही मनाने दूर गेलेला माणूस गिटारच्या सुरांतून समोर उभा राहतो.

एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्या काढून खप वाढवणे त्याला पसंत नव्हते. 'डिफेंडर' (१९८७) आणि 'फ्रेश एव्हिडन्स' (१९९०) हे अल्बम त्याने स्वतःच्या 'कॅपो' कंपनीतर्फे काढले. दुसरा मला अधिक आवडतो. त्यात घाई नाही.

१९९५ मध्ये, ४७व्या वर्षी, तो गेला. वयाच्या १५व्या वर्षी १०० पौंडांना, तीही उधारीवर घेतलेली त्याची गिटार घामाने रंग उडेपर्यंत त्याने वाजवली. २०२४ च्या लिलावानंतर ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट मिळाली.