मागाची हाक

श्रोतेहो, सोलापुरातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात आपण कधी गेला असाल, तर तो खडखडाट अजून कानांत असेल. त्या गदारोळात एक उभा धागा तुटला, तर मागवाल्याला कळावे कसे? एकट्याकडे अनेक माग; कुठे कुठे बघणार बिचारा! आणि धागा तुटूनही माग चालत राहिला, तर चादर दुय्यम ठरते, मजुरीचा वाद उभा राहतो.

यावरची तोड जुनीच आहे. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची बारीक पिन लोंबत ठेवायची. धागा तुटला की पिन पडते आणि माग थांबतो. जपानचे साकिची टोयोडा यांच्या १९२४ सालच्या स्वयंचलित मागात धागा तुटताच थांबण्याची सोय होती. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले.

नव्या मागांत ही पिन विजेच्या पट्टीवर पडते आणि संदेश इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे जातो. पोस्टमन आला का, हे पाहायला दर पाच मिनिटांनी दारात जाणे ही एक रीत. पोस्टमननेच हाक मारणे ही दुसरी. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. वह्या तपासणारे गुरुजी पोराने हाक मारली की वहीत बोट ठेवून उठतात, परत येऊन तिथूनच पुढे तपासतात. कार्डही तसेच करते.

घाई किती म्हणाल? मिनिटाला २०० आडवे धागे भरणाऱ्या मागाची एक फेरी ३०० मिलिसेकंदांची. ३० मिलिसेकंद उशीर म्हणजे ३६ अंश! तेवढ्यात फणीचा ठोका पडूनही जातो. म्हणून हाकेसरशी फक्त माग थांबवावा; दिवा लावणे, नोंद करणे मागाहून.

जुळणीत खरी कटकट खोट्या हाकांची. हादऱ्याने पिन थरथरते, क्षणभर टेकते. तेव्हा संदेश काही मिलिसेकंद टिकला तरच तो खरा मानायचा. हाक ऐकल्याची खूण पुसायलाही विसरू नये, नाहीतर कार्ड तीच हाक पुन्हा पुन्हा ऐकत बसते. गाठ मारून होईपर्यंत ही हाक बंद ठेवता येते.

लाल बटणाची गोष्ट निराळी. तिथे माणसाचा हात अडकलेला असू शकतो. त्याची तार कार्डाच्या भरवशावर न सोडता मोटारीची वीज तोडणाऱ्या स्विचला थेट जोडावी. कार्डाला नुसती खबर गेली तरी पुरे.