कोतवाल बुकातील आमचे पणजोबा

राजेरजवाड्यांच्या वंशावळी आपण शाळेत पाठ केल्या. परंतु आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या पणजोबांचे नाव सांगता येईल? आम्हालाही येत नव्हते. पुतण्याच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागला, तेव्हा आम्ही जुने कागद धुंडाळू लागलो.

आपल्या जामची तहसील आज समुद्रपूर आहे. पूर्वी वर्धा जिल्ह्यात वर्धा, आर्वी व हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या. म्हणून जुन्या नोंदी हिंगणघाटच्या नावाने शोधाव्या लागतात. कागदावर ‘मध्यप्रांत’ किंवा ‘मध्यप्रदेश’ दिसल्यास विद्यार्थ्यांनी गोंधळून जाऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हाही नागपूर मध्यप्रदेशातच होते! त्यानंतर १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला.

सर्वांत उपयोगी पडले ते कोतवाल बुक. कोतवाल म्हणजे गावचा पहारेकरी. आपल्या भागात हे काम पुष्कळदा महारांच्या वाट्याला येई. गावातल्या जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देणे हे त्याचे एक काम. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याच्याच पायपिटीमुळे साऱ्या गावाची नोंद टिकली. आमचे पणजोबाही कोतवालच होते.

या नोंदींत जन्मलेल्या बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढेच. मग आपला माणूस ओळखावा कसा? येथे घरच्या म्हाताऱ्यांचे बोलणे कामी येते. आमची आजी सांगायची, “तुझा आजा मानमोडीच्या सालचा.” मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती जगभर पसरली आणि मध्यप्रांत व वऱ्हाडात तिने फार माणसे नेली. आम्ही १९१८ ची पाने मागितली. पणजोबांच्या नावापुढे ‘मुलगा’ अशी नोंद मिळाली. बँकेत रोज खाती जुळवणारे आम्ही, पण ती ओळ जुळली तेव्हा हात थरथरला.

चार पाने पुढे मृत्यूच्या नोंदीत पुन्हा तेच नाव होते, ‘याची बायको’ असे जोडून. आमची पणजी मानमोडीत गेली होती. खबर देणे कोतवालाचेच काम. म्हणजे तान्हे मूल घरी ठेवून, स्वतःच्या बायकोच्या मरणाची वर्दी द्यायला पणजोबाच ठाण्यावर गेले असणार.

पुढचा माग सोपा होता. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यानंतर तयार झालेले १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, हे दोन्ही तपासावेत. घरातील वृद्धांचे बोलणेही वेळीच लिहून घ्यावे. डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) वडिलांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींमुळेच उभे राहिले. आम्ही आजोबांना काही विचारले नाही, ही आमची चूक.

पुतण्याचे काम झाले. पणजीचे नाव मात्र कोणत्याही कागदात नाही. तिचे माहेर वणा नदीपलीकडचे, एवढेच आजी सांगे. जाम-हिंगणघाट परिसरातील कोणा वृद्ध मायमाउलीला जुन्या कोतवालाच्या बायकोचे नाव ऐकून ठाऊक असल्यास मंडळाकडे कळवावे.