अज्ञातवासातला पाळणा

महाभारतातल्या विराटपर्वाची गोडी काही निराळीच आहे. बाकीच्या पर्वांत पराक्रम गाजवायचा असतो, इथे तो लपवायचा असतो. बारा वर्षांचा वनवास संपवून पांडव विराटाच्या नगरीत शिरले ते नावे बदलून. भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात गेला, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवू लागला, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करू लागली. शस्त्रे गावाबाहेरच्या शमीच्या झाडावर बांधून ठेवलेली. ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असते. पण त्यातली एक सोय सहसा आपल्या लक्षात येत नाही. त्या वर्षभरात पांडवांबरोबर लेकरू नव्हते. द्रौपदीचे पाच मुलगे आणि सुभद्रेचा अभिमन्यू तिकडे द्वारकेच्या आसऱ्याला वाढले. रात्री दोन वाजता दात येतात म्हणून किंचाळणारे पोर बल्लवाच्या खांद्यावर असते, तर कीचकाच्या आधी त्यानेच भीमाची परीक्षा घेतली असती!

अचाट शक्तीच्या नवराबायकोने तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन अज्ञातवास काढायचा ठरवला तर काय होईल? हा प्रश्न ब्रॅड बर्ड या अमेरिकन दिग्दर्शकाने मोठ्या गमतीने हाताळला. त्याचा ‘द इन्क्रेडिबल्स’ हा पिक्सारचा ॲनिमेशनपट २००४ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याने ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवले. ‘हम हैं लाजवाब’ या नावाने तो हिंदीत आला, तेव्हा शाहरुख खान आणि त्याचा मुलगा आर्यन यांनी पडद्यावरच्या बापलेकांना आवाज दिला. चौदा वर्षांनी, २०१८ साली, दुसरा भाग आला. त्यातल्या आईला हिंदीत काजोल बोलती झाली. पुष्कळ घरांतल्या आजीआजोबांनी हे चित्रपट नातवंडांना सोबत म्हणून पाहिले असतील आणि ‘कार्टून आहे’ म्हणून मधल्या वेळात डुलकीही काढली असेल. माझे म्हणणे इतकेच, की डुलकी पोरांनी काढावी आणि चित्रपट थोरांनी पाहावा, अशी ही गोष्ट आहे.

बदलीवरचे कुटुंब

गोष्ट थोडक्यात अशी. बॉब पार हा बलभीम, त्याची बायको हेलन रबरासारखी हवी तेवढी लांबणारी. दोघेही लोकांचे प्राण वाचवणारे नामांकित वीर. पण लग्नाच्याच दिवशी बॉब एका आत्महत्या करणाऱ्याला वाचवतो आणि तो इसम, ‘मला वाचायचे नव्हते’ म्हणून, त्याच्यावर खटला गुदरतो. पाठोपाठ आणखी खटले पडतात. नुकसानभरपाईने सरकार मेटाकुटीला येते आणि वीरांना फर्मावते, की यापुढे शक्ती वापरायची नाही. नवे गाव, नवी नोकरी, सामान्य माणसासारखे राहायचे. पंधरा वर्षांनी आपण पाहतो तेव्हा बॉब एका विमा कंपनीत खुर्चीत मावत नसलेले शरीर कोंबून दावे तपासत बसलेला असतो. हेलनच्या पदरात तीन मुले असतात. चौदा वर्षांची व्हायोलेट अदृश्य होऊ शकते, दहा वर्षांचा डॅश वाऱ्यासारखा पळतो आणि धाकटा जॅक-जॅक अजून लंगोटात आहे. या घरात नॉर्मल काय तो तोच, असे सगळ्यांचे मत आहे.

बॉब अधूनमधून राहवत नाही म्हणून शक्ती वापरून बसतो, बोभाटा होतो, आणि सरकारी माणूस येऊन सगळ्यांना उचलून दुसऱ्या गावी नेऊन ठेवतो. माझ्यासारख्या, तीस-बत्तीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत काढलेल्या बाईला हे कुटुंब अनोळखी वाटणे शक्यच नव्हते. गावाचे नाव कळायच्या आत शाळेचे दाखले, गॅसचे कागद, रेशनकार्ड, दूधवाला यांचा हिशोब आमच्याकडेही सुरू व्हायचा. हेलन एकदा नवऱ्याला ऑफिसात फोन करून मोठ्या आनंदाने सांगते, की आज आपण खऱ्या अर्थाने या घरात राहायला आलो. तो चकित होतो, कारण त्या घरात येऊन तीन वर्षे झालेली असतात. पण शेवटचे खोके तिने आज उघडलेले असते. एवढ्या एका फोनसाठी मी त्या पटकथाकाराला दाद दिली. बदलीच्या घरात शेवटचे खोके लवकर उघडायचे नसते. ते उघडले की हमखास पुढची ऑर्डर येते, अशी आमच्यात समजूतच होती.

विमा कंपनीतला बॉबही मला फार ओळखीचा वाटला. एक म्हातारी रडवेली होऊन त्याच्यापुढे बसली आहे. कंपनीचा हुकूम असा, की दावा मंजूर करायचा नाही. बॉब वरवर नकार देतो आणि हळूच सांगतो, की अमुक फॉर्म भरा, तमुक मजल्यावर त्या बाईंना भेटा. इमारत उचलण्याचे बळ असलेल्या माणसाला एवढाच पराक्रम करता येतो. प्रत्येक बँकेत, प्रत्येक कचेरीत असा एखादा कारकून असतो, आणि त्याच्या टेबलापुढची रांग नेहमी लांब असते.

मुलाला ‘पूर्वी’ नसते

नव्या गावात माणसाचे सगळ्यात मोठे काय हरवत असेल, तर त्याची ओळख. कालपर्यंत रस्त्यात चार माणसे थांबून बोलत होती, आज किराणावाला ‘काय पाहिजे?’ यापलीकडे विचारत नाही. बॉबला हे सोसत नाही. त्याने घरातल्या एका खोलीत जुनी कात्रणे, फोटो आणि पोशाख यांचे देवघर मांडले आहे. रात्री तो मित्राबरोबर खेळायला जातो असे सांगून गाडीत पोलिसांचे वायरलेस ऐकत बसतो. त्याचा देह नव्या गावात आहे, मन जुन्याच. हेलनने मात्र मागे पाहायचे नाही असे ठरवून टाकले आहे.

आणि या दोघांच्या मध्ये उंच खुर्चीत बसून, तोंडाला खरकटे माखून हसणारे ते बाळ. जेवताना भावंडांची जुंपते, बाप पोरांसकट टेबल उचलून धरतो, आई लांबच लांब हात करून सगळ्यांना आवरते. आणि बाळ खिदळत असते. त्याच्या दृष्टीने हेच घर आणि हाच संसार. त्याला ‘पूर्वी’ नाहीच. आईबाप एके काळी कोण होते याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

मला वाटते, नव्या गावात रुजायला बाळाइतके मोठे साधन दुसरे नसते. १९८६ साली मी एका तालुक्याच्या गावी बदलून गेले, तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. अधिकारी म्हणून त्या गावाने मला ओळखायला वर्ष लागले. पण ‘ती बाळाची आई’ म्हणून आठव्या दिवशी वाड्यातली प्रत्येक बाई ओळखत होती. कुणी गुटी उगाळून दिली, कुणी पाळण्याला बांधायला जुनी मऊ साडी आणली. शेजारच्या काकू तर संध्याकाळी कॅश जुळत नसली, की लेकीला कडेवर घेऊन शाखेच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. नोटा मोजणारे आमचे कॅशियर तिला पाहून तिसऱ्यांदा चुकायचे. बाळ घरात असले, की अज्ञातवास टिकत नाही. मदत मागितल्यावाचून गत्यंतर नसते, आणि जिच्याकडे मदत मागितली तिच्याशी परके राहता येत नाही.

शमीवर कुणाचे काय?

पण या आनंदाला एक दुसरी बाजू आहे. शमीच्या झाडावर शस्त्रे बांधली ती पांडवांची. द्रौपदीचे असे काही त्या झाडावर होते का, हे कुणी विचारत नाही. हेलनचे मात्र होते. तीही एके काळची वीरांगना, नवऱ्याच्या तोडीस तोड. पंधरा वर्षे तिने आपले लांब हात फक्त पलंगाखालचा मोजा काढायला आणि पोरांची भांडणे सोडवायला वापरले. तिने त्याची कात्रणे लावली नाहीत, कुरकुरही केली नाही. गंमत अशी, की पहिला चित्रपट पाहताना आपल्याला हळहळ वाटते ती बॉबची.

दुसऱ्या भागात पारडे फिरते. पहिल्या घराचे तर दुसऱ्याच चकमकीत भस्म झालेले. वीरांना सांभाळणारे सरकारी खातेच बंद पडते, कुटुंब मोटेलच्या खोल्यांत दिवस काढते. अशा वेळी एक धनाढ्य उद्योगपती वीरांना पुन्हा कायदेशीर मान्यता मिळवून देण्याची योजना घेऊन येतो. राहायला अवाढव्य बंगलाही देतो. पण कामाला हवी हेलन, बॉब नव्हे. कारण तो मोडतोड फार करतो! बॉबचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा आहे. बायकोचे अभिनंदन करायचे आहे, आणि शब्द घशात अडकले आहेत. हेलन निघते ती चार वेळा मागे वळून. आणि कामावर असतानाच मुलाचा फोन येतो, ‘आई, माझे बूट कुठे आहेत?’ नोकरी करणाऱ्या कुठल्याही आईला या फोनचे हसू येईल आणि येणारही नाही.

इकडे घरी बलभीमाची खरी कसोटी लागते. डॅशचे गणित नव्या पद्धतीचे. बॉब वैतागतो, गणित कसे काय बदलू शकते? २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आणले, तेव्हा महाराष्ट्रातले कित्येक बाप नेमके असेच वैतागले होते. व्हायोलेटचे पहिलेवहिले प्रेम बापाच्या घोळापायी विस्कटते. आणि ज्याला सगळे नॉर्मल समजत होते त्या जॅक-जॅकला एक सोडून डझनावारी शक्ती फुटतात. तो पेटतो, भिंतीतून आरपार जातो, अंगणात शिरलेल्या रकूनशी रात्री कुस्ती खेळतो आणि मध्येच दुसऱ्याच कुठल्या मितीत नाहीसा होतो; तिथून परत आणायला फक्त बिस्किट चालते. हा सगळा अतिशयोक्तीचा खेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी वर्षाच्या मुलाला एक अख्खी रात्र एकट्याने सांभाळून पाहावे. आत्ता या खोलीत होते आणि आत्ता कुठे गेले, हा अनुभव घेण्यासाठी मूल वीराचेच असावे लागत नाही.

फोनवर हेलन विचारते, तेव्हा बॉब ‘सगळे ठीक’ म्हणून ठोकून देतो. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, दाढी वाढलेली. पण कबूल करायचे नाही. घरातले काम जमत नाही असे म्हणणे म्हणजे पुरुषार्थाला कमीपणा. शेवटी तो बाळाला घेऊन एड्नाच्या, म्हणजे वीरांचे पोशाख शिवणाऱ्या त्या बुटक्या, फटकळ बाईच्या दारात उभा राहतो. ती एक रात्र मूल सांभाळते, बॉब घरी येऊन गाढ झोपतो. त्याच्या कहाणीतला विजयाचा क्षण मला विचाराल तर हाच. आधी तो रात्र जागून ते नवे गणित स्वतः शिकतो आणि पहाटे मुलाला उठवून शिकवतो. लेकीची माफी मागतो. आणि मदतही मागतो. पोलाद वाकवण्यापेक्षा हे कठीण.

मात्र एक गोष्ट मनाला टोचत राहते. बॉबची दमछाक पाहून थिएटर खो-खो हसते आणि मग त्याच्या कौतुकाने विरघळते. हेच सगळे हेलनने पंधरा वर्षे केले, तेव्हा कुणी हसले नाही, कुणी विरघळले नाही. बाईने केले की ते घरकाम, पुरुषाने केले की तो पराक्रम. घर सांभाळणे हे वीराचे काम आहे, हे पटवून देण्यासाठी आधी एका वीराला घरी बसवावे लागले!

आपल्याकडे हा हिशोब बँकांनी फार जवळून पाहिला आहे. कारकुनाचा अधिकारी होणे म्हणजे बदली पत्करणे. त्यामुळे परीक्षा सहज पास होतील अशा कितीतरी हुशार मैत्रिणींनी बढतीचा अर्जच भरला नाही. ‘मुलं लहान आहेत गं,’ एवढे एक वाक्य, आणि पुढची वीस वर्षे त्याच काउंटरवर. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले पुढे त्यांचे साहेब झाली. आता कायदा पुष्कळ उदार झाला आहे. प्रसूतीची रजा २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवसांची रजा मिळते. सव्वीस आठवडे आणि पंधरा दिवस! बाळ कुणाचे, हे या दोन आकड्यांवरून कायद्याने सांगूनच टाकले आहे.

आज नोकरीसाठी गाव सोडणारी जोडपी आमच्यापेक्षा कितीतरी दूर जातात. पुण्याहून बंगळुरूला, नाशिकहून टोरांटोला. तिथे वाडा नाही, गुटी उगाळणाऱ्या काकू नाहीत; आजीआजोबा व्हिसाच्या मुदतीपुरते. दोघेही शिकलेली, दोघेही आपापल्या जागी वीरच. तिथे गेल्यावर दोघांपैकी कुणाची तरी पदवी खोक्यात राहते. आणि बहुतेक वेळा त्या खोक्यावर कुणाचे नाव असते, हे मी सांगायला नको.

बाळ मोठे होतेच. जॅक-जॅकलाही पुढे कळेल, की आपले आईबाप एके काळी कोण होते. त्या दिवशी दोघांकडेही त्याला दाखवण्यासारखे काहीतरी असावे, इतकेच मागणे आहे. सामान नव्या घरी उतरले, की पहिल्या दिवशी स्वयंपाकघर लावावे आणि पाळणा टांगावा, हे बरोबरच आहे. पण उरलेल्या खोक्यांची यादी दोघांनी मिळून करावी. कुणाचे आधी उघडायचे, कुणी किती दिवस थांबायचे, आणि थांबलेल्याची पाळी कधी, हे तेव्हाच बोलून घ्यावे. शेवटचे खोके उघडायला तीन वर्षे लागली तरी हरकत नाही. ते माळ्यावर मात्र जाऊ देऊ नये.