कोंबडी घेताना भावाबरोबर हेही विचारा
फेब्रुवारी 2006 मध्ये शिरपूरच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. दाटीवाटीच्या शेडमध्ये कुठलाही संसर्ग झपाट्याने पसरतो. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, जिवाणूंवर चालतात. पण ती खाद्यातून सर्रास दिली, की जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि माणसापर्यंत पोहोचतात. म्हणूनच कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय मानले जाणारे औषध जनावरांना व कोंबड्यांना देण्यावर केंद्राने 2019 मध्ये बंदी घातली.

नुसत्या ‘गावरान’ शब्दावर विसंबू नका. दुकानदाराला विचारा: माल कुठल्या फार्मचा? कोंबड्यांना फिरायला जागा आहे का? औषध बंद करून किती दिवस झाले? मांस मात्र नीट शिजवाच.