जालना जिल्ह्याचे ऋतुमान

मराठवाड्यातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. समुद्रापासून दूर व सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथील हवामान सामान्यतः उष्ण व कोरडे आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे घाटमाथ्यावर पाऊस पाडून येथे पोहोचतात, तेव्हा त्यांतील बाष्प बरेच कमी झालेले असते.

मार्च ते मे उन्हाळा असून मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. वार्षिक सरासरी पर्जन्यमान सु. ७० सेंमी. असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. सप्टेंबरातील पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे मिळतो. ऑक्टोबरात उकाडा पुन्हा जाणवतो; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा थंड व आल्हाददायक असते.

शेतीच्या दृष्टीने पावसाच्या एकूण प्रमाणाइतकीच त्याची विभागणी महत्त्वाची ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये दीर्घ खंड पडल्यास कापूस, तूर, बाजरी ही खरीप पिके करपतात. सप्टेंबरचा पाऊस हुकल्यास रबी ज्वारीस ओल मिळत नाही व विहिरीही भरत नाहीत. मोसंबीच्या बागा उन्हाळ्यात विहिरींवरच विसंबून असतात. २०१२-१३ च्या अवर्षणात अशा अनेक बागा वाळून गेल्या. हंगामी पीक पुढील वर्षी पुन्हा घेता येते. नवी बाग मात्र फळावर येण्यास सु. पाच वर्षे लागतात. कडवंची (ता. जालना) येथे पाणलोट विकासाची कामे व शेततळी यांच्या साहाय्याने याच मोजक्या पावसावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या आहेत.