मोटारींची निगा : पाणी राखून करावयाचा व्यवसाय

तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या रस्त्यावर मोटारी, जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर यांची वर्दळ आता नित्याची झाली आहे. वाहने वाढली की दुरुस्तीची गॅरेजेस येतात आणि त्यांच्या पाठोपाठ वाहने धुण्याची केंद्रेही उभी राहतात. थोड्या भांडवलात आणि थोड्या जागेत सुरू होणारा उद्योग म्हणून अनेक होतकरू तरुण या व्यवसायाकडे वळत आहेत. वाहन नुसते धुण्यापलीकडे जाऊन त्याचा रंग, काचा, चाके, आसने यांची बारकाईने निगा राखण्याच्या कामाला ‘डिटेलिंग’ असे म्हणतात. शहरांतून रूढ झालेले हे काम आता लहान गावांतही येऊ लागले आहे.

अशा केंद्रासाठी ग्रामपंचायतीकडे ना-हरकत दाखल्याचा अर्ज येतो, बँकेकडे कर्जाचे प्रकरण जाते आणि गावातील शिक्षकांकडे माजी विद्यार्थी सल्ला विचारावयास येतात. या सर्वांनी प्रथम कोणती गोष्ट पाहावी? जागा, यंत्रे आणि भांडवल यांची चौकशी बहुधा होतेच. मात्र राज्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण असल्याने हा व्यवसाय टिकणार की नाही, हे अखेर पाण्याच्या हिशेबावर ठरते.

पाण्याचा हिशेब

अर्ध्या इंची रबरी नळीतून मिनिटाला साधारणतः १५ लिटर पाणी वाहते. नळी दहा मिनिटे चालू राहिली की एका मोटारीमागे १५० लिटर पाणी खर्ची पडते. जल जीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण मानले आहे. म्हणजेच नळीने धुतलेली एक मोटार जवळजवळ तीन माणसांच्या दिवसभराच्या वाट्याचे पाणी घेते.

तेच काम कमी पाण्यात होऊ शकते. उच्च दाबाचा लहान पंप मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी वापरतो. खटका दाबला तरच पाणी सुटेल अशी तोटी त्याला बसवावी. पंप एकूण तीन मिनिटे चालविला आणि दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या वापरल्या, तर साधारण मळलेली मोटार सुमारे ४० लिटरमध्ये स्वच्छ होते. चिखलाने माखलेल्या ट्रॅक्टरला अर्थातच अधिक पाणी लागेल. म्हणून प्रत्येक केंद्रचालकाने एक बादली किती सेकंदांत भरते हे घड्याळ लावून मोजावे आणि रोजचा पाणीवापर वहीत नोंदवावा.

टंचाईच्या काळात या काटकसरीचे मोल कळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी वाहने धुण्यासाठी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघनास ५,००० रुपये दंड ठरविला. अशी वेळ आली की सर्वप्रथम बंद पडतो तो पिण्याच्या पाण्यावर विसंबलेला धुलाईचा व्यवसाय. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. छपरावरचे पावसाचे पाणी साठविणे, वापरलेले पाणी निवळून पुन्हा घेणे आणि उन्हाळ्यात ओल्या कापडाने पुसण्याच्या कामावर भर देणे, ही तजवीज आरंभीच करणे हितावह ठरते.

रंगाचा पातळ थर

मोटारीच्या पत्र्यावर प्राथमिक लेप, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. हा वरचा थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. चमक टिकते ती याच थरामुळे. धुळीचे कण कोरड्या फडक्याने घासले, की त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसू लागतात. कपडे किंवा भांडी धुण्याच्या साबणाने रंगावरील मेणाचा लेप निघून जातो. वाहनाच्या खालच्या भागावर डिझेल फवारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. त्याने रबरी भाग खराब होतात आणि सांडपाण्यात तेल मिसळते. ती सोडून देणेच बरे.

योग्य रीत अवघड नाही. वाहन सावलीत उभे करून पत्रा थंड होऊ द्यावा. उन्हात पाणी लगेच सुकते आणि विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांचे पांढरे डाग उरतात. चाकांसाठी वेगळी बादली व ब्रश ठेवावा. फवाऱ्याने सुटी धूळ काढल्यावर एका बादलीत वाहनांसाठीचा सौम्य शाम्पू व दुसरीत साधे पाणी घ्यावे. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा आणि टपापासून खाली उतरत जावे. शेवटी मायक्रोफायबरच्या कापडाने पाणी टिपून घ्यावे. आतील भागात आधी व्हॅक्युम यंत्राने धूळ ओढावी, मग किंचित ओलसर कापड फिरवावे. कोकणासारख्या दमट हवेत पायपुसणी व आसने पूर्ण सुकली नाहीत तर बुरशी धरते.

यापुढचे काम पॉलिश आणि मेणाचे. मेण रंगावर संरक्षक लेप देते. ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण त्यासाठी प्रसिद्ध आहे. पॉलिश मात्र पारदर्शक थराचा अगदी थोडा भाग घासून काढते. म्हणून ते वारंवार करणे वाहनाच्या हिताचे नसते आणि प्रामाणिक केंद्रचालक गिऱ्हाइकाला ही गोष्ट स्वतःहून सांगतो. वाहन ताब्यात घेताना आधीचे ओरखडे व पोचे मालकासमक्ष पाहून नोंदवावेत, म्हणजे पुढील वाद टळतात.

सांडपाण्याची व्यवस्था

धुलाईच्या पाण्यात माती, साबण, वंगण आणि तेल असते. ते थेट नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडले तर गावाच्या पाण्याला धोका पोहोचतो. यासाठी काँक्रीटच्या उताराखाली तीन कप्प्यांचा हौद बांधावा. पहिल्या कप्प्यात माती तळाशी बसते. दुसऱ्यात पाण्याहून हलके असलेले तेल वर तरंगते. भिंतीच्या खालच्या बाजूने गेलेले पाणी तिसऱ्या कप्प्यात तुलनेने स्वच्छ येते. गाळून घेतल्यास ते चाके व खालचा भाग धुण्यास पुन्हा वापरता येते. वर साचलेले तेल वेगळ्या डब्यात जमा करावे व तेलकट गाळ शेतात टाकू नये.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये व्यवसायातील सांडपाणी सोडण्यावर निर्बंध आहेत. बांधकामापूर्वीच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात संमतीविषयी चौकशी करणे अगत्याचे आहे. ओल्या जागी विजेचे यंत्र चालत असल्याने योग्य अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह होताच वीज तोडणारे संरक्षक साधनही बसविलेच पाहिजे.

उत्पन्नाचे गणित

उदाहरणादाखल असे समजू, की एका तरुणाने दोन लाख रुपये कर्ज द.सा.द.शे. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ४,३५० रुपये होईल. जागेचे भाडे ४,००० रुपये, एका मदतनिसाचे वेतन १३,००० रुपये, वीज व पाणी ३,००० रुपये आणि साहित्य ३,५०० रुपये धरल्यास दरमहा खर्च २७,८५० रुपये होतो. एका वाहनामागे सरासरी ३०० रुपये मिळाले, तर ९३ वाहने झाल्यावर केवळ खर्च भागतो. मालकाला स्वतःसाठी १५,००० रुपये हवे असतील तर १४३ वाहने, म्हणजे २६ दिवसांच्या महिन्यात रोज पाच ते सहा वाहने लागतील. तेवढी वाहने त्या रस्त्यावर खरोखर मिळतील काय, हे कर्ज घेण्यापूर्वी आठवडाभर तेथे उभे राहून पाहावे.

याच १४३ वाहनांना प्रत्येकी १५० लिटरप्रमाणे महिन्याला २१,४५० लिटर पाणी लागेल. ४० लिटरप्रमाणे केवळ ५,७२० लिटर पुरेल. पहिल्या रीतीने १०,००० लिटरचे दोन टँकरही अपुरे पडतात, तर दुसऱ्या रीतीने एका टँकरच्या निम्म्याहून थोडे अधिक पाणी लागते. पाण्याची बचत ही येथे सरळ नफ्यात जमा होते.

साहाय्य आणि नोंदणी

जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी ऑनलाइन व विनामूल्य करता येते. मुद्रा योजनेखाली ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने नोंदणीऐवजी व्यवसायाची सूचना देणे पुरेसे असते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते.

ग्रामपंचायतीची भूमिका

ना-हरकत दाखला देताना पंचायतीने चार प्रश्न विचारावेत. पाणी कोठून येणार? एका वाहनामागे किती लागणार? सांडपाणी कोठे जाणार? टंचाईच्या महिन्यांत काय करणार? ज्या अर्जदारापाशी याची उत्तरे तयार आहेत, त्याला दाखल्यासाठी ताटकळत ठेवू नये. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याला नुसते परत न पाठविता तीन कप्प्यांचा हौद आणि पाण्याची वही यांची माहिती द्यावी. गावातील एका तरुणाला रोजगार मिळावा आणि त्यापायी शेजारच्या वस्तीचा हंडा रिकामा राहू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. त्यासाठी पाण्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवला पाहिजे.