मूठमाती देणारा भुंगेरा

मराठीतला ‘भुंगा’ हा शब्द फार ऐसपैस आहे. लाकूड पोखरणारी मोठी काळी माशीही भुंगा आणि शेणाचे गोळे ढकलणारा कीटकही भुंगाच. इंदुरात वाढलेली मुले शेणकिड्याला ‘गुबरैला’ म्हणतात आणि मेलेल्या उंदराखाली माती उकरणारा कीटक दाखवला, तर त्यालाही तेच नाव देतात. नाव चुकले की प्राण्याचे चरित्रही चुकते, म्हणून हे टिपण.

हिमालयापासून तैवानपर्यंत आढळणारा निक्रोफोरस नेपालेन्सिस हा प्रेत पुरणारा भुंगेरा. होप या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1831 साली त्याचे वर्णन केले. ओळख सोपी आहे. काळ्या पंखकवचांवर नारिंगी पट्टे आणि त्या पट्ट्यांत काळे ठिपके. कवचे आखूड असल्याने पोटाचे टोक उघडे राहते. शेणकिड्याच्या मिशांचे टोक पंख्यासारखे उलगडते; याच्या मिशांना गाठीसारखा गोंडा असतो.

वासावरून नर-मादी लहान प्राण्याचे कलेवर गाठतात, खालची माती उकरून ते खाली उतरवतात, केस वा पिसे काढून त्याचा गोळा करतात. अंगातले स्राव फासल्याने कुजणे मंदावते. जवळच्या मातीत घातलेल्या अंड्यांतून अळ्या निघून गोळ्यापाशी येतात आणि आईबाप त्यांना अर्धवट पचलेले अन्न भरवतात. कीटकांत असे पालकत्व विरळाच.

त्यांचे मोठे प्रतिस्पर्धी म्हणजे मांसमाश्या. तैवानच्या डोंगरांत झालेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. माश्यांची चढाओढ तीव्र असलेल्या उबदार, कमी उंचीच्या भागात हे भुंगेरे एकत्र राबतात. थंड शिखरांकडे मात्र आपसांत अधिक भांडतात, असे त्यात दिसले.

शास्त्रीय नावाचीही एक गंमत आहे. ग्रीक ‘नेक्रोस’ म्हणजे प्रेत. त्यावरून ‘नेक्रोफोरस’ व्हायला हवे होते. पण फॅब्रिशियसने 1775 साली ‘निक्रोफोरस’ लिहिले आणि पहिल्या नावाचा मान राखण्याच्या नियमाने तेच टिकले.

मराठीत मी याला ‘मूठमाती भुंगेरा’ म्हणतो. मात्र वर्गात हे नाव सांगताना एवढी पुस्ती जोडावी: या मूठमातीत निरोप नाही, पोरांच्या अन्नाची बेगमी आहे.